रोगी पैनगंगेकाठी, शास्त्र सातासमुद्रापलीकडे

अतिदक्षता विभाग हा शब्द २०२० पूर्वी शहरातल्या सुखवस्तू घरांतच काय तो ऐकू येत असे. करोनाच्या लाटांनी तो खेडोपाडी नेऊन पोचवला. काचेच्या दाराआड आपले माणूस निपचित पडलेले आणि दाराबाहेरच्या बाकावर घरची चार माणसे ताटकळत बसलेली, हे दृश्य आता कोणाला परके राहिलेले नाही. त्या बाकावर बसलेल्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, माणूस वाचेल ना? त्याच्या पुढचा प्रश्न सुचण्याची ती वेळ नव्हे. तथापि तो कोणीतरी, केव्हातरी विचारलाच पाहिजे. आत जे औषध दिले जात आहे ते गुणकारी आहे हे कोणी ठरवले? कोणत्या देशातल्या, कोणत्या दुखण्याच्या, कोणत्या परिस्थितीतल्या माणसांवर ते पारखून घेतले? आणि ज्याला ते आज दिले जात आहे त्याचे दुखणे तेच आहे काय? हा प्रश्न वैद्यकाच्या पंडितांनी आपसात सोडवावा असा नाही. त्याच्या उत्तरावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून आहे. म्हणूनच आज आम्ही तो वाचकांपुढे मांडत आहोत.

प्रश्नाची धार पाहायची असेल तर महानगरांतली पंचतारांकित रुग्णालये सोडून आदिलाबादकडे पाहावे. आपल्या किनाऱ्यापासून हा प्रदेश दूर आहे, पण परका नाही. तेलंगणाच्या उत्तर टोकाच्या या जिल्ह्याची एक सीमा पैनगंगा नदी आहे आणि नदीच्या पलीकडे विदर्भातला यवतमाळ जिल्हा आहे. निजामाच्या राज्यात असताना आणि पुढे १९५६ पर्यंत राजुरा तालुका याच आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. आज तो महाराष्ट्रात चंद्रपूरकडे आहे. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. तरीही तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी आणि उर्दू या भाषा तिथल्या बाजारात आजही एकमेकींच्या शेजारी बसतात. नदीच्या दोन्ही तीरांना पीक कापसाचे, पाऊस तोच आणि पिकावर पडणाऱ्या किडीही त्याच. मग पाठीवर पंप बांधून उभ्या पऱ्हाटीत शिरणाऱ्या मजुराच्या नाकातोंडात जाणारे विषही एकाच जातीचे, यात नवल ते काय! आदिलाबाद गावात २००८ पासून राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापुढची मोठी वैद्यकीय सोय हवी असेल तर दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर हैदराबाद, नाहीतर उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर नागपूर. अत्यवस्थ माणसाच्या हिशेबात हे अंतर किलोमीटरांत मोजायचे नसते, श्वासांत मोजायचे असते.

२०१७ च्या पावसाळ्यात नदीच्या पलीकडच्या तीरावर जे घडले ते अनेकांच्या स्मरणात असेल. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले, मदत जाहीर झाली, औषध विकणाऱ्यांवर कारवाईचे इशारे निघाले. हे सारे आवश्यकच होते. परंतु त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. दाखल झालेल्या शेकडो रुग्णांपैकी कोणाला नेमके कोणते विष बाधले होते? शेतातून निघून रुग्णालयात पोचायला किती तास लागले? कोणाला काय दिले आणि त्याचा परिणाम काय झाला? या रुग्णांकडून पुढच्या वर्षीच्या रुग्णांसाठी वैद्यकाने काय शिकून घेतले? विषाचा अंदाज देणारी रक्तातील कोलिनेस्टरेजची चाचणी वेळेवर न झाल्याची त्या वेळी बरीच चर्चा झाली. ही चाचणी काही आकाशातला चंद्र नव्हे. ती हाताशी नसावी आणि नसल्याचे दुःख चौकशी सुरू झाल्यावरच व्हावे, हीच आमच्या आरोग्यव्यवस्थेची खरी तपासणी होय.

फवारणीच्या औषधांतला एक मोठा वर्ग सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषांचा आहे. आपल्या शरीरात मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना पोचवणारे एक द्रव्य असते आणि निरोप पोचताच ते पुसून टाकणारे कोलिनेस्टरेज नावाचे विकर असते. हे विष त्या विकरालाच जखडून टाकते. निरोप पुसला जात नाही, तो पुन्हा पुन्हा वाजत राहतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, फुप्फुसे स्रावाने भरतात, नाडी मंदावते आणि शेवटी श्वासाचे स्नायूच संपावर जातात. अशा रुग्णाला वाचवण्याची तीन साधने आहेत. स्राव सुकवणारे अ‍ॅट्रोपिन, श्वास चालू ठेवणारे कृत्रिम श्वसनयंत्र, आणि जखडलेले विकर सोडवणारे प्रालिडॉक्झाइम. पहिल्या दोहोंविषयी वाद नाही. तिसऱ्याविषयी मात्र गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे, आणि तो वाद हाच आमच्या मुद्द्याचा गाभा आहे.

या वादाची एक बाजू महाराष्ट्रातल्या बारामतीत उभी राहिली, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. तिथल्या गिरिराज रुग्णालयात डॉ. कीर्ती पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा विषबाधेच्या २०० रुग्णांचा अभ्यास केला. सर्वांना आरंभी प्रालिडॉक्झाइमची सारखीच मात्रा दिली गेली. त्यानंतर चिठ्ठी टाकावी तशी कोणताही पक्षपात न करता दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला ४८ तास दर तासाला एक ग्रॅम अखंड थेंबांनी, दुसऱ्याला दर चार तासांनी एक ग्रॅम. पहिल्या गटातल्या १०० पैकी एक दगावला, दुसऱ्यातल्या १०० पैकी आठ. श्वसनयंत्राची गरजही पहिल्या गटाला कमी पडली. ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकाने २००६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. बारामतीसारख्या तालुक्याच्या गावात केलेले काम लंडनच्या नियतकालिकात छापून येते आणि सगळ्या जगाला त्याची दखल घ्यावी लागते, ही अभिमानाचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

पण कथा इथे संपत नाही. तीनच वर्षांनी, २००९ साली, श्रीलंकेतल्या अभ्यासाचा निष्कर्ष बाहेर आला. तिथे २३५ रुग्णांपैकी काहींना प्रालिडॉक्झाइम आणि काहींना औषधाऐवजी नुसते खारे पाणी दिले होते. औषध दिलेल्यांत शंभरात सुमारे पंचवीस दगावले, न दिलेल्यांत सुमारे सोळा. हा फरक योगायोगानेही पडू शकेल एवढाच होता. पण औषधाने लाभ झाल्याचे चिन्ह मात्र कुठे दिसले नाही. २०११ मध्ये जगातल्या अशा सर्व अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनीही, निश्चित काही सांगण्याइतका पुरावा नाही, असाच निर्वाळा दिला.

दोन प्रामाणिक अभ्यासांची उत्तरे अशी भिन्न का यावीत? त्याला कारणे असू शकतात आणि ती विचार करण्याजोगी आहेत. विषाने जखडलेले विकर काही काळाने कायमचेच निकामी होते, मग ते कोणत्याही औषधाने सुटत नाही. विषांच्या एका पोटजातीत अर्धे विकर चार तासांच्या आतच हातचे जाते. दुसऱ्या पोटजातीत त्याला दिवसाहून अधिक अवधी लागतो. म्हणजे विष कोणते, रुग्ण किती वेळाने पोचला, मात्रा किती दिली आणि श्वसनयंत्र वेळेवर मिळाले की नाही, यांवर औषधाचा गुण अवलंबून राहणार. आता आदिलाबादच्या एखाद्या पाड्यावरून संध्याकाळी निघालेला मजूर मध्यरात्री रुग्णालयात पोचला तर त्याच्या समोरच्या तरुण डॉक्टराने कोणाचे मानायचे? बारामतीचे की श्रीलंकेचे? तो पुस्तक उघडतो, तर पुस्तकच दोन तोंडांनी बोलते. या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्क देऊ शकणार नाही, कारण तिथल्या अतिदक्षता विभागांत पऱ्हाटीत फवारणी करणारा मजूर येत नाही. उत्तर द्यायचे तर यवतमाळ, आदिलाबाद, नांदेड, चंद्रपूर यांनीच दिले पाहिजे. रुग्ण त्यांच्याकडे आहेत, म्हणून उत्तरही त्यांच्याकडेच आहे. प्रश्न विचारण्याची व्यवस्था तेवढी नाही.

यावर कोणी म्हणेल की, एवढा खटाटोप कशाला? अनुभवी डॉक्टराच्या हाताला गुण असतो, त्यावर विसंबावे. अनुभवाची थोरवी आम्ही नाकारत नाही. परंतु अतिदक्षता विभागाचा इतिहास हा अनुभवाला आणि तर्काला पुराव्याने वारंवार चकवल्याचा इतिहास आहे. २००१ साली बेल्जियममधल्या एका रुग्णालयाने दाखवून दिले की, अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तातील साखर इन्सुलिनने अगदी काटेकोर ठेवल्यास मृत्यू कमी होतात. जगभर ती पद्धत उचलली गेली. पुढे अनेक रुग्णालयांतल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांवर तीच पद्धत पारखली, तेव्हा २००९ साली उलटेच दिसले. काटेकोर साखर राखलेल्यांत शंभरी २७.५ मृत्यू, सैल ठेवलेल्यांत २४.९. केनिया, युगांडा आणि टांझानियातला अनुभव तर याहून बोलका आहे. तापाने ग्रासलेल्या, हातपाय गार पडलेल्या मुलाला झपाट्याने सलाइन द्यावे, हे तत्त्व पाठ्यपुस्तकांत कोरल्यासारखे होते. ३,१४१ मुलांवर ते तपासले गेले आणि २०११ साली कळले की, झपाट्याने सलाइन दिलेल्या मुलांत ४८ तासांत शंभरी साडेदहाच्या आसपास दगावली, तसे न दिलेल्यांत ७.३. ज्या उपचाराला कोणी शंका म्हणून विचारली नसती, तोच तिथल्या परिस्थितीत मुलांना घातक ठरत होता. हे युरोपात बसून कधी उमगले नसते. आफ्रिकेतल्या रुग्णालयांनी आपल्याच खाटांजवळ प्रश्न विचारला म्हणून उमगले.

करोनाने हाच धडा आपल्या दाराशी आणून शिकवला. त्या साथीत नातलगांनी रक्तद्रवासाठी गावोगाव धावाधाव केली, समाजमाध्यमांतून दात्यांना साकडी घातली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर या रक्तद्रव उपचाराची रीतसर परीक्षा घेतली. आपल्या देशाने, आपल्या रुग्णांवर, ऐन धुमाळीत केलेली ही परीक्षा उत्तम होती, आणि तिचे उत्तरही स्वच्छ होते. या उपचाराने मृत्यू टळत नाहीत, दुखणे वाढण्याचेही थांबत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तरी अधिकृत उपचारसूचीतून रक्तद्रव वगळायला मे २०२१ उजाडला, आणि तोवर दुसऱ्या लाटेत किती घरांनी त्यापायी वणवण केली याची गणती नाही. आमच्या गोव्यानेही त्याच महिन्यात अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याची घोषणा केली. हे औषध संशोधनाबाहेर करोनासाठी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधी सुमारे सव्वा महिना सांगितले होते. पुढे २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या मोठ्या अभ्यासातही त्या औषधाचा लाभ दिसला नाही. हेतू चांगला असेल. पण हेतू हा काही पुरावा नव्हे. याच्या नेमके उलट डेक्सामेथासोनचे झाले. जुने, स्वस्त, कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात मिळणारे हे औषध ब्रिटनने हजारो रुग्णांवर पारखले आणि जून २०२० मध्ये दाखवले की, श्वसनयंत्रावरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटतात. प्राणवायूचीही गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ नाही. कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, ही दोन्ही उत्तरे एकाच अभ्यासाने दिली. संशोधन म्हणजे चैन नव्हे; पैसा आणि प्राण दोन्ही वाचवण्याचा तो मार्ग आहे, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

मोठ्या इमारती आणि परदेशी यंत्रे असल्याखेरीज असे काम होत नाही, हा समज खोडून काढायला आम्हा कोकणवासीयांना लांब जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातले महाड पुरेसे आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावसकर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. भातकापणी आणि गवतकापणीच्या दिवसांत लाल विंचवाचा दंश झालेली माणसे, विशेषतः मुले, त्यांच्याकडे येत. घाम, उलट्या, थंडगार हातपाय, आणि मग फुप्फुसांत पाणी भरून काही तासांत मृत्यू. पाठ्यपुस्तकात याविषयी फारसे काही नव्हते, कारण पुस्तके लिहिणाऱ्यांच्या देशांत हा विंचू नव्हता. बावसकरांनी रुग्णाच्या उशाशी रात्री जागून काढल्या, नाडी आणि रक्तदाब तासातासाला टिपून ठेवले आणि निष्कर्ष काढला की, विष शरीरातल्या रक्तवाहिन्यांना आवळून टाकते आणि हृदय त्या ओझ्याखाली कोसळते. मग रक्तवाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन त्यांनी वापरले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे आणि १९८६ मध्ये प्राझोसिनचा अनुभव ‘लॅन्सेट’ने छापला. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभरांतले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. बावसकर तिथेही थांबले नाहीत. डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासह त्यांनी ७० रुग्णांवर प्रतिविष आणि प्राझोसिन यांची एकत्र परीक्षा घेतली. दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले; नुसत्या प्राझोसिनच्या ३५ पैकी आठ. आपल्याच औषधाची अपुरी बाजू आपणच मोजून जगापुढे ठेवणे, याला शास्त्रज्ञाची वृत्ती म्हणतात. हा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली आला. २०२२ मध्ये डॉ. बावसकरांना पद्मश्री मिळाली.

बावसकरांचा गौरव झाला हे योग्यच झाले. परंतु एका व्यक्तीच्या तपश्चर्येचा सत्कार करून आपण व्यवस्थेच्या जबाबदारीतून मोकळे होतो, ही आपली जुनी खोड आहे. प्रत्येक तालुक्याला एक बावसकर लाभेल अशी वाट पाहणे म्हणजे पाऊस पडेल या भरवशावर विहीर न खणण्यासारखे आहे. जे त्यांनी स्वतःच्या जिद्दीने, पदरमोड करून आणि झोप गमावून केले, ते जिल्हा रुग्णालयातल्या सर्वसामान्य डॉक्टराला नोकरीचा भाग म्हणून करता आले पाहिजे. नव्हे, ते त्याचे कर्तव्य ठरले पाहिजे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. गरीब, अशिक्षित, आदिवासी माणसांवर प्रयोग करायचे काय? त्यांना गिनिपिग करायचे काय? ही भीती पोकळ नाही. आदिलाबाद ज्या राज्यात आहे त्याच आजच्या तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात २००९ साली मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस टोचण्याचा प्रकल्प झाला. त्यात वसतिगृहांतल्या अनेक मुलींची संमतिपत्रे पालकांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सहीने पुरी केली गेली. गदारोळ झाला, २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा इथे मुद्दाच नव्हता. माणसाला विचारले की नाही हा मुद्दा होता. त्यातही अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची अवस्था अधिक बिकट असते. तो बेशुद्ध असतो आणि त्याच्या वतीने बोलणारा नातलग भेदरलेला असतो. अशा वेळी पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठतो, पण त्याला संमती म्हणता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, संशोधन टाळणे हा या भीतीवरचा उपाय नव्हे. संशोधन उघड्यावर, नियमांच्या चौकटीत आणि लोकांच्या भाषेत करणे हा उपाय आहे. २०१९ च्या नव्या नियमांनी आचारसमिती, नुकसानभरपाई आणि संमती यांची तरतूद केलेली आहे. २००९ पासून अशा चाचण्यांची आगाऊ सार्वजनिक नोंदणी बंधनकारक आहे. हे नियम कागदावरून खाली उतरले पाहिजेत. आदिलाबादच्या आचारसमितीत गोंडी आणि कोलामी बोलणारी माणसे बसली पाहिजेत. संमती मागताना नातलगाला त्याच्या बोलीत सांगितले पाहिजे की, नकार दिल्यास उपचारात रतिमात्र कमी पडणार नाही. रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्यालाही पुन्हा विचारले पाहिजे. आणि एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. कोणते औषध खरे गुणाचे हे ठाऊक नसताना ज्याला जे सुचेल ते देणे आणि पुढे काय झाले याची नोंदही न ठेवणे, हाही प्रयोगच आहे. फरक एवढाच की, त्यात संमती कोणी मागत नाही, त्यावर देखरेख कोणाची नाही आणि तो फसला तरी कोणी शहाणा होत नाही. गरिबावर असा बेहिशेबी प्रयोग आज रोज चालू आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. जिथे खाटा नाहीत, भूलतज्ज्ञ नाहीत, परिचारिका अपुऱ्या, तिथे संशोधनाच्या गप्पा कशाला? आधी पोटाला भाकरी, मग ताटाला नक्षी. हे म्हणणे वरकरणी पटण्यासारखे आहे आणि खाटा व माणसे आधी हवीत यात शंकाच नाही. पण त्या येऊ घातल्या आहेत, निदान कागदोपत्री तरी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आरोग्य पायाभूत सुविधा योजनेत ६०२ जिल्ह्यांत गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारण्याचे ठरले. भिंती उभ्या राहत असतानाच त्यांत नोंदींची खोली राखून ठेवायची की नाही, हे ठरवण्याची वेळ आता आहे. भिंती वाळल्यावर नाही. शिवाय चांगल्या नोंदीला लागणारा खर्च एका श्वसनयंत्राच्या मानाने किरकोळ असतो. विष कोणते, वेळ किती गेली, मात्रा किती, परिणाम काय, या चार रकाने भरण्याच्या शिस्तीतून अर्धे संशोधन आपोआप होते. ती शिस्त बावसकरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाळली होती.

तेव्हा करावे काय? पहिले, फवारणीच्या हंगामापूर्वी कापूसपट्ट्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कोलिनेस्टरेजची चाचणी, अ‍ॅट्रोपिनचा साठा आणि चालू स्थितीतली श्वसनयंत्रे असलीच पाहिजेत. दुसरे, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आणि आदिलाबाद परिसरातल्या शासकीय रुग्णालयांनी विषबाधा आणि सर्पदंश यांच्या रुग्णांची एकच सामाईक नोंदवही ठेवावी. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. त्यांतले बहुतेक मृत्यू ज्या राज्यांत झाले त्यांत तेलंगणासह जुना आंध्र आहे. रुग्ण पैनगंगा ओलांडताना राज्याची सीमा पाहत नाही, मग नोंदवहीने का पाहावी? तिसरे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रालिडॉक्झाइमचा वाद या भूमीत रीतसर चाचणी घेऊन निकालात काढावा. रक्तद्रवासाठी काही महिन्यांत ३९ रुग्णालये एकत्र येऊ शकली, तर मजुराच्या जिवासाठी ती का येऊ नयेत? चौथे, जिल्ह्यात राहून असे काम करणाऱ्या डॉक्टराला वेळ, साहाय्यक आणि बढतीत मान द्यावा. आणि या सर्वांच्या आधी, अति जहाल विषे शेतातून हद्दपार करण्याचे धारिष्ट सरकारने दाखवावे. श्रीलंकेने १९९५ पासून अशी विषे टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण पुढच्या काळात निम्म्याहून खाली आले. अतिदक्षता विभागातली सर्वांत यशस्वी खाट ती, जिच्यावर कोणाला निजावे लागत नाही.

गोमंतकीय वाचकाने हे सारे दूरच्या गावची गोष्ट म्हणून वाचू नये. २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात माकडतापाने डोके वर काढले, पुढच्याच वर्षी तो शेजारच्या दोडामार्गात दिसला. या रोगावर हमखास औषध आजही नाही. रुग्णाला सांभाळत राहणे एवढेच डॉक्टराच्या हाती असते. पावसाळ्यात किनारपट्टीवर लेप्टोस्पायरोसिसने मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी झालेले रुग्ण अतिदक्षता विभागात येतात. सावंतवाडी-दोडामार्गचा रुग्ण राज्याची सीमा ओलांडून बांबोळीला येतो, जसा आदिलाबादचा नागपूरला जातो. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ पासूनची, आशियातल्या जुन्यांतली. त्या परंपरेला शोभेल असे उत्तर माकडतापावर शोधायचे, तर ते आपल्याच खाटांजवळ शोधावे लागेल. सत्तरीच्या काजूबागायतदाराच्या तापाची चिंता बोस्टनने वाहावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

परदेशातले ज्ञान घेऊ नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्ञानाला सीमा नसते, डेक्सामेथासोनने आपल्याही माणसांना वाचवले आहे. पण विंचू महाडचा, फवारा यवतमाळचा आणि ताप सत्तरीचा असेल, तर त्यांची उत्तरे आयात होणार नाहीत. पुढच्या हंगामात पऱ्हाटी पुन्हा छातीएवढी वाढेल आणि पंप पुन्हा पाठीवर चढतील. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरून काही माणसे रुग्णालयात आणली जातील. त्यांतली सर्व वाचतील असे वचन कोणी देऊ शकत नाही. पण जी वाचली ती कशामुळे आणि जी गेली ती कशामुळे, याचा हिशेब त्यांच्या केसपेपरवर लिहिलेला राहील, एवढे वचन दोन्ही राज्यांच्या सरकारांना आज देता येण्यासारखे आहे. ते त्यांनी हंगाम उभा राहण्यापूर्वी द्यावे.